नागपूरहून जर्मनीला संसार हलवताना: आधी पत्ता, मग बाकी सगळं

जर्मनीची ऑफर हातात पडली की नागपूरच्या घरांमध्ये पहिली चर्चा रंगते ती वजनाची. किती किलोच्या किती बॅगा, त्यात सावजी मसाला किती, कुकर कोणता, पोरांचे स्वेटर किती. कागदांच्या फाईलचा विषय निघतो तो शेवटच्या आठवड्यात. मी नागपुरात जर्मन शिकवते, त्याआधी काही वर्षं स्टुटगार्टजवळ संसार केला, त्यामुळे जाणाऱ्यांचे प्रश्न रोज कानावर येतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यांत कुशल मनुष्यबळाचा करार झाला. त्यानंतर माझ्याकडे आयटीवाल्यांच्या जोडीला नर्स आणि इलेक्ट्रिशियनही येऊ लागले आहेत.

सगळ्यांना मी एकच क्रम सांगते: आधी पत्ता, मग बाकी सगळं. जर्मनीत तुमचा कर क्रमांक पोस्टाने येतो, विम्याचं कार्ड पोस्टाने येतं, बँकेचं कार्ड आणि त्याचा पिन दोन वेगवेगळ्या पाकिटांत पोस्टाने येतात. पत्ता सरकारदरबारी नोंदलेला नसेल तर यातलं बरंचसं अडून बसतं. आणि ती नोंद सुरळीत होणं हे नागपुरातून निघताना तुमचे दाखले किती नीट आहेत यावर ठरतं.

पुढचं सगळं नोकरीच्या व्हिसावर जोडीदार-मुलांसह जाणाऱ्यांसाठी आहे. विद्यार्थ्यांची ब्लॉक्ड अकाउंट वगैरे भानगड वेगळी, ती इथे घेत नाही.

निघण्याच्या तीन-चार महिने आधी: नावं आणि दाखले

टेबलावर पासपोर्ट, आधार, पदवी, लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले शेजारी शेजारी मांडा आणि फक्त नावं वाचा. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी रचना. त्यात पासपोर्टवर मधलं नाव पहिल्या नावाला चिकटलेलं, पदवीवर आडनाव आधी, आणि बायकोच्या दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं आडनाव. जर्मन फॉर्ममध्ये तीन चौकटी असतात: फोरनामे म्हणजे पहिलं नाव, नाखनामे म्हणजे आडनाव, आणि गेबुर्ट्सनामे म्हणजे जन्माच्या वेळचं आडनाव. पासपोर्टवर जे आहे तेच तिथल्या प्रत्येक कागदावर जाणार. म्हणून पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला यांच्यात फरक असेल तर तो इथेच मिटवा. गॅझेट, प्रतिज्ञापत्र, दुरुस्ती, जे लागेल ते. तिकडे बसून ही दुरुस्ती करायची तर इथे कुणाला तरी रोज झोन ऑफिसच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

लग्नाची नोंदणी झालेली नसेल (पत्रिका, अल्बम आणि व्हिडिओ असूनही नोंदणी नसलेली जोडपी पुष्कळ असतात), तर महापालिकेच्या तुमच्या झोनच्या कार्यालयात ती आधी करून घ्या. १९९८ च्या राज्याच्या कायद्यानुसार मिळणारा दाखला चालतो. मुलाच्या जन्मदाखल्यात बाळाचं नाव टाकायचं राहून गेलंय का तेही बघा. 'बेबी ऑफ' असलेला दाखला तिकडे कामाचा नाही.

पदवीच्या बाबतीत आपल्याकडे एक खास गोष्ट आहे. नागपूर विद्यापीठाचं नाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ झालं २००५ मध्ये. व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजचं व्हीएनआयटी झालं २००२ मध्ये, त्याआधीच्या व्हीआरसीईच्या पदव्या नागपूर विद्यापीठाच्या. परदेशी पदव्या तपासायला जर्मन यंत्रणा अनाबिन हा ऑनलाइन डेटाबेस वापरतात. तिथे तुमच्या पदवीवर छापलेलं नाव आणि आजचं नाव, दोन्ही टाकून बघा. सापडलेल्या पानाचे प्रिंटआउट काढून अर्जाला जोडा, म्हणजे समोरच्या माणसाला कोडं पडत नाही.

अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून मारायचा सरकारी शिक्का. त्याबद्दल बर्डीवरचा एजंट सांगतो म्हणून सगळ्या कागदांवर शिक्के मारून घेऊ नका. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटच्या कक्षेत येतात. तुमच्या प्रकारच्या व्हिसाची चेकलिस्ट काढा आणि त्यात जेवढं मागितलंय तेवढंच करा. जर्मन भाषांतरही घाईने इथे करून घेऊ नका; तिकडची कार्यालयं सहसा तिथल्या शपथबद्ध भाषांतरकाराचंच भाषांतर मागतात. महापालिकेचे दाखले मराठी-इंग्रजी असतात. बऱ्याच जागी इंग्रजीवर भागतं, नाही भागलं तर तिथे करून घेता येतं.

ब्लू कार्ड म्हणजे उच्चकुशल परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही आणि पोचल्यावर काम करायची मुभाही असते. म्हणून बरेच जण भाषा शिकतच नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की जोडीदाराने नोकरीवाल्यापेक्षा जास्त जर्मन शिकून जावं. नोकरीवाला दिवसभर ऑफिसात इंग्रजीत बोलणार. बालवाडीच्या बाई, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट आणि खालच्या मजल्यावरच्या आजी यांच्याशी गाठ पडते ती घरच्या माणसाची.

नागपूरचं घर आणि पैसा बांधून ठेवा

परदेशात राहायला गेलात की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ (भारतातल्या मिळकतीसाठीचं अनिवासी खातं) करून घ्यायचं, आणि तिकडून पाठवायच्या पैशांसाठी एनआरई उघडायचं. ब्रँच मॅनेजर ओळखीचा आहे म्हणून हे टाळणारे पुष्कळ असतात. म्युच्युअल फंड आणि डीमॅटलाही नवा दर्जा कळवावा लागतो. चालू पीपीएफ मुदत संपेपर्यंत भरता येतो, नवा उघडता येत नाही. आणि एक गोष्ट इथले सल्लागार सांगायला विसरतात: एनआरईचं व्याज भारतात करमुक्त आहे, पण जर्मनीत राहणाऱ्याला तिथे जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं, त्यात ते व्याजही आलं.

जाण्याची तारीख तुमच्या हातात असेल तर आर्थिक वर्षाचा विचार करा. नोकरीसाठी बाहेर जाणारा त्या वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर आयकराच्या दृष्टीने अनिवासी ठरतो. एप्रिलपासून मोजा. सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत निघालात, तर तिकडच्या पगाराचा इथल्या रिटर्नशी संबंध राहत नाही.

भारतातला मोबाइल नंबर बंद करू नका. बँक, आधार, पीएफ, सगळ्यांचे ओटीपी तिथेच येणार. रोमिंग सुरू करून घ्या, स्वस्तातला रिचार्ज लावा आणि त्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

मनीषनगरचा किंवा खामल्याचा फ्लॅट भाड्याने देणार असाल तर भाडेकरूला आधीच सांगा की मालक अनिवासी झाला की भाड्यातून ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापून भरायची जबाबदारी त्याच्यावर येते. हे ऐकून काही भाडेकरू मागे फिरतात, पण आत्ताच फिरलेले बरे. महावितरण, पाण्याचं बिल आणि मालमत्ता कर ऑनलाइन भरता येतील अशी सोय लावा. विकायचं, गहाण टाकायचं किंवा कोर्टकचेरीचं काही काम निघण्याची शक्यता असेल तर विश्वासातल्या माणसाच्या नावे त्या कामापुरतं मुखत्यारपत्र इथेच करून जा. तिकडून करायचं म्हटलं तर भारतीय वकिलातीत साक्षांकन, मग कुरिअर, मग इथे तीन महिन्यांच्या आत मुद्रांक, असा फेरा पडतो.

दातांचं काम नागपुरात उरकून घ्या. जर्मनीचा सरकारी विमा चांगला असला तरी कॅप आणि ब्रिजचा बराच खर्च तुमच्या खिशातून जातो. चष्म्याची एक जादा जोडीही करून घ्या.

बॅगेत काय जातं, काय जात नाही

माझ्या एका विद्यार्थ्याची आई मला भेटायला आली, ती पिशवीत बर्फीचे डबे घेऊनच.

"ताई, हे जाते ना जी? घरचं तूपबी द्यायचं होतं एक किलो."

"तूप नाही जात, काकू. दूध-दही, तूप, खवा, पनीर, मटण, काहीच नाही."

"काऊन? खायचंच तर हाय!"

काकूंचं म्हणणं चूक नाही, पण युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणायला मनाई आहे, आणि कारण प्राण्यांच्या साथीचे रोग हे आहे. तूप त्यातच मोडतं. खव्याच्या मिठाईवर कस्टमचा माणूस काय म्हणेल ते त्या टेबलावरच ठरणार, तेव्हा संत्रा बर्फी इथेच खाऊन घ्या. खुद्द संत्रंही जात नाही. २०१९ च्या डिसेंबरपासून ताजी फळं, भाज्या आणि पानांना वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. सूट आहे ती फक्त केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन यांना. कढीपत्त्याची ओली जुडी त्यात बसत नाही.

कोरडे मसाले, डाळी, पोहे, पापड, लोणचं यांना अडचण नाही. लोणचं तेवढं चेक-इन बॅगेत आणि दुहेरी पिशवीत. पण डाळ-तांदळाने बॅगा भरू नका. भारतीय आणि तुर्की दुकानांत सगळं मिळतं. मसूर डाळ तर साध्या सुपरमार्केटमध्येही असते. तूप बुटरश्माल्झ नावाने मिळतं आणि फोडणीला उत्तम चालतं. जागा द्यायची तर ती घरच्या सावजी मसाल्याला, काळ्या मसाल्याला आणि वडाभातासाठीच्या भरड पिठाला द्या, कारण ते तिकडे कुणी विकत नाही.

वीज तिकडेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे, म्हणून आपला मिक्सर चालतो. पिन बदलायला अॅडॉप्टर लागेल. कुकर घेताना बूड इंडक्शनला चालणारं आहे का ते बघा. गॅसच्या शेगड्या तिकडे कमीच आढळतात. औषधं तीन महिन्यांपर्यंतची नेता येतात, सोबत औषधाच्या मूळ घटकाचं नाव लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी हवी. पासपोर्ट साइझ फोटोंची थप्पी नेऊ नका: २०२५ पासून ओळखपत्रं आणि रेसिडेन्स कार्डांसाठी डिजिटल फोटो घेतात. जाड कोट आणि बूट तिथेच घ्या. आपल्याकडचं लोकरीचं कितीही एकावर एक घातलं तरी तिथल्या वाऱ्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही.

मूळ कागदांची फाईल हातातल्या बॅगेत ठेवायची. पोरांची लसीकरणाची कार्डंही त्याच फाईलमध्ये. ती का, ते पुढे येतंच.

पहिले पंधरा दिवस

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद, करणं कायद्याने बंधनकारक आहे. नगरपालिकेच्या बुर्गरब्युरो किंवा बुर्गरआम्ट नावाच्या कार्यालयात ती होते. बहुतेक शहरांत अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यावी लागते आणि मोठ्या शहरांत तारखा पटापट संपतात, म्हणून नागपुरात बसूनच घेऊन ठेवा. सोबत लागतात सगळ्यांचे पासपोर्ट, लग्नाचा आणि जन्माचे दाखले, आणि घरमालकाने सही केलेलं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. हे शेवटचं म्हणजे 'ही माणसं माझ्या घरात राहायला आली' असं मालकाचं पत्र. भाडेकरार दाखवून भागत नाही, हेच पत्र लागतं.

इथेच बरेच जण फसतात. सुरुवातीला महिना-दोन महिन्यांसाठी फर्निचरसकट जागा घेतली जाते आणि मालक म्हणतो, राहा, पण नोंदणी नाही. अशी जागा कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. बुकिंगच्या आधी ईमेलवर एकच प्रश्न विचारा: इथे आनमेल्डुंग होईल का? उत्तर लेखी घ्या.

नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथे तुम्ही कर गोळा करणाऱ्या चर्चचे सदस्य असल्याचं लिहिलंत तर आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च कर पगारातून कापला जाऊ लागतो. बाकीच्यांना तो लागू नाही. घाईत कोणीतरी भलतीच खूण करतं आणि पगाराची स्लिप आल्यावर घरात वाद होतो.

आता पत्रपेटी. जर्मनीत फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन बघतो तो पत्रपेटीवरचं आणि बेलवरचं आडनाव. तुमचं नाव तिथे नसेल तर पत्र परत जातं, मग त्यात कर क्रमांक असो की बँकेचा पिन. पहिल्याच संध्याकाळी कागदावर आडनाव लिहून चिकटपट्टीने लावा. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा. पाहुणे आई-बाबा महिनाभर राहणार असतील आणि त्यांच्या नावे काही यायचं असेल तर त्यांचंही.

नोंद झाली की चाकं फिरू लागतात. अकरा आकडी कर क्रमांक काही आठवड्यांत येतो; कंपनीच्या पगार विभागाला तो द्यायचा, नाहीतर चढ्या दराने कर कापतात. रेडिओ-टीव्हीच्या सरकारी वर्गणीचं पत्रही येतं, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरावीच लागते, मात्र घराला एकच. ते पत्र जाहिरात समजून कचऱ्यात टाकू नका. बँक खातं शाखेत जाऊन उघडणं बरं; व्हिडिओ कॉलवर ओळख पटवणाऱ्या काही ऑनलाइन बँका भारतीय पासपोर्ट घेत नाहीत.

याच दिवसांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, आउसलेंडरबेहोर्डमध्ये, रेसिडेन्स कार्डाची अपॉइंटमेंट मागा. व्हिसाची मुदत संपायला वेळ आहे म्हणून थांबू नका. मुदतीच्या आत केलेला अर्ज आणि त्याची पोच हाच तुमचा आधार. तारीख लांबली तर फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचं तात्पुरतं पत्र मागून घ्या. ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी, आणि जर्मनची बी-वन (मध्यम) पातळी असेल तर २१ महिन्यांनी, कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. भाषा शिकण्याला याहून रोकडं कारण मला ठाऊक नाही.

घर बघताना

बीएचकेचा हिशेब विसरा. तिकडे हॉलसुद्धा खोलीत धरतात आणि स्वयंपाकघर-बाथरूम धरत नाहीत, म्हणून 'दोन खोल्या' म्हणजे आपला वन बीएचके. भाडं दोन प्रकारचं: काल्टमिटे म्हणजे नुसत्या जागेचं, वार्ममिटे म्हणजे बहुधा हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई धरून. वीज आणि इंटरनेट यात बहुतेक नसतंच. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमिटेएवढं, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला कायद्याने आहे. जागा न बघता, किल्ली हातात न घेता पैसे मागणारा माणूस ठग समजा. 'मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो' ही तिथली जुनी युक्ती आहे.

रिकामा फ्लॅट म्हणजे खरोखर रिकामा. ओटा नाही, सिंक नाही, कधी छताला नुसत्या वायरी लोंबकळत असतात. जाणारा भाडेकरू आपलं किचन विकायला काढतो, ते घ्यायचं की नाही हे तिथेच ठरवावं लागतं. पहिल्या घरासाठी मी म्हणेन, किचन बसवलेलं असेल तेच घर घ्या, भले भाडं थोडं जास्त पडो.

मालक मागतो तो कागदांचा गठ्ठा आधीच एका पीडीएफमध्ये करून ठेवा: नोकरीचा करार, पगाराच्या स्लिपा असतील तर त्या, पासपोर्ट-व्हिसा, आणि आपल्या सिबिलसारख्या शूफा नावाच्या कंपनीचा पत अहवाल. नव्याने आलेल्यांचा शूफा कोराच असतो. मग कंपनीच्या एचआरचं पत्र जोडा आणि कुटुंबाची ओळख देणारी चार ओळींची जर्मन चिठ्ठी लिहा. या चिठ्ठीचा उपयोग होतो, मी पाहिलंय.

ताबा घेताना हस्तांतरणाच्या कागदावर प्रत्येक ओरखडा लिहून घ्या, मीटरचे आकडे लिहा, फोटो काढा. घर सोडताना डिपॉझिटची सगळी घासाघीस याच कागदावर होते.

आणि हवा. नागपूरच्या घराला कुठून ना कुठून वारा मिळतो. जर्मन घर घट्ट बंद असतं. आपण वरण उकळतो, कुकरच्या शिट्ट्या घेतो, कपडे घरात वाळवतो, आणि थंडी म्हणून खिडक्या लावून बसतो. दोन महिन्यांत बेडरूमच्या कोपऱ्यात, कपाटामागे, काळी बुरशी उगवते आणि मालक खर्च तुमच्या माथी मारायला बघतो. उपाय स्वस्त आहे: दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडक्या पूर्ण उघडायच्या, पाच-दहा मिनिटांनी लावायच्या. खिडकी दिवसभर नुसती तिरकी उघडी ठेवली तर भिंत गार पडते आणि बुरशी उलट वाढते. काही करारांत हा नियम लिहिलेलाच असतो. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

विमा, डॉक्टर, पगार

आरोग्य विमा सक्तीचा. सरकारी विम्यात मूळ वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के, वर विमा कंपनीपरत्वे थोडी जादा, आणि साधारण निम्मी नोकरी देणारी कंपनी भरते. पगार चांगला असला की खासगी विम्याचे एजंट मागे लागतात. कुटुंबवाल्यांनी सरकारीच घ्यावा: न कमावता जोडीदार आणि मुलं त्यात वेगळे पैसे न भरता येतात. खासगीत माणशी हप्ता, आणि नंतर परतायचं दार अरुंद.

अंगावर काढायची सवय तिथे आपोआप लागते, कारण डॉक्टर लगेच भेटत नाही. जवळच्या हाउसआर्झ्टकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, तब्येत चांगली असतानाच नाव नोंदवा. जिवावरचं असेल तर ११२. रात्री किंवा रविवारी ताप आला, पण रुग्णवाहिकेची गरज नाही, तर ११६११७. पोलिसांसाठी ११०. हे तीन नंबर फ्रिजवर लावा.

आणखी एक विमा घ्याच: हाफ्टफ्लिश्ट, दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा. तुमच्या पोराने सायकल कुणाच्या गाडीवर घातली किंवा इमारतीची मास्टर किल्ली हरवून सगळी कुलपं बदलावी लागली, तर आकडा हजारांत जाऊ शकतो. विमा मात्र वर्षाला तुलनेने थोडक्यात मिळतो. किल्ली हरवण्याचं कलम आहे का तेवढं बघून घ्या.

नोकरीसाठी देश बदलल्याचा खर्च जर्मन रिटर्नमध्ये बराचसा दाखवता येतो. तिकिटं, व्हिसा फी, सामान पाठवल्याच्या पावत्या जपा.

मुलं

किंडरगेल्ड, म्हणजे मुलामागे मिळणारा भत्ता, २०२६ पासून महिन्याला २५९ युरो आहे. अर्ज फामिलिएनकासेकडे करायचा आणि लवकर करायचा, कारण मागचे पैसे फक्त सहा महिन्यांचेच मिळतात.

वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला बालसंगोपन केंद्रात, किटामध्ये, जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे. प्रत्यक्षात जागा कमी आणि रांग मोठी. पत्ता नक्की झाला की त्याच दिवशी शहराच्या पोर्टलवर नाव टाका, एकाच किटावर विसंबू नका. तिथे आणि शाळेत गोवर लसीचा पुरावा दाखवल्याशिवाय प्रवेश नाही. हा कायदा मार्च २०२० पासून आहे, आणि दोन वर्षांपुढच्या मुलाला दोन डोस लागतात. त्यासाठीच फाईलमधलं ते लसीकरणाचं कार्ड. ते फिकट झालं असेल, तारखा वाचता येत नसतील, तर इथल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून, सही-शिक्का घेऊन न्या.

शेजार, कचरा, रविवार

रविवारी दुकानं बंद. रेल्वे स्टेशनवरची तेवढी उघडी. शनिवारी दूध-ब्रेड आणून ठेवा. रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकायला जायचं नाही, आणि रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. इडलीचं पीठ रात्री साडेदहाला वाटायला घेतलंत तर खालून छताला काठी ठोकल्याचा आवाज येऊ शकतो.

स्टुटगार्टकडे केहरवोखे असते. तुमच्या दारावर एक दिवस छोटी पाटी लटकलेली दिसते. याचा अर्थ या आठवड्यात जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायची पाळी तुमची. झाडून झालं की पाटी शेजाऱ्याच्या दारावर. पाटी बघून न बघितल्यासारखं केलंत तर पहिली तक्रार तुमचीच होणार. मला ही पद्धत मनापासून आवडली. शेजाऱ्यांशी पहिलं बोलणं तिच्यामुळेच झालं.

कचऱ्याचे रंग गावागणिक थोडे बदलतात. साधारणपणे कागद निळ्यात, पॅकिंग पिवळ्यात, ओला तपकिरी डब्यात, उरलेलं काळ्यात. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, ती सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये बाटली घातली की परत मिळते. बाटल्या चेपू नका, मशीन घेत नाही.

गाडी आणि गाड्या

आपलं लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून सहा महिने चालतं. निघण्याआधी आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परमिट काढून न्या. सहा महिन्यांनंतर जर्मन लायसन्स हवं, आणि भारतीयांना त्यासाठी लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी इंग्रजीत देता येते. नागपूरकराची परीक्षा अडते ती एका नियमावर: जिथे सिग्नल-पाटी काही नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. गल्ली केवढीशीही असो आणि तुम्ही केवढ्याही रस्त्यावर असा, थांबायचं. हॉर्न वाजवून पुढे निघणं तिथे चालत नाही.

मोठ्या शहरात गाडीची घाई करू नका. डॉइचलांड-टिकीट २०२६ पासून महिन्याला ६३ युरोला पडतं, त्यावर देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि लोकल गाड्या चालतात. आयसीईसारख्या जलद गाड्या नाहीत. बंद करायचं असेल तर महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं. विनातिकीट सापडलात तर दंड ६० युरो. (आपल्या नागपूर मेट्रोलाही जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं ५० कोटी युरोंचं कर्ज आहे, एवढं नातं आधीपासूनच आहे.)

नागपूरशी येणं-जाणं

वेळेचा फरक हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं बदलतात, तेव्हा आई-बाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर फोन आला नाही म्हणून ते काळजी करत बसतात.

मे महिन्यातल्या लग्नांचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो. मूल शाळेत जाऊ लागलं की शाळेच्या दिवसांत परवानगीशिवाय त्याला सुट्टीवर नेता येत नाही. दंड होतो, आणि सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवसांत काही विमानतळांवर पोलीस शाळकरी मुलांसह निघालेल्यांना विचारतातही. मोठी सुट्टी राज्याप्रमाणे जून ते सप्टेंबरच्या दरम्यान येते आणि तिच्या तारखा काही वर्षं आधीच जाहीर झालेल्या असतात. त्या तारखा घरच्या कालनिर्णयवर आत्ताच लिहून ठेवा, म्हणजे मुहूर्त काढणाऱ्यांनाही सोपं जाईल. सख्ख्या भावंडाचं लग्न असेल तर शाळेकडे लेखी अर्ज करा, पत्रिका जोडा. मुख्याध्यापक अशा वेळी बहुधा नाही म्हणत नाहीत. आणि मुक्काम लांबणार असेल तर मोजून राहा: सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की सर्वसाधारण रेसिडेन्स परमिट आपोआप रद्द होतं, ब्लू कार्डवाल्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला ही मुदत बारा महिन्यांची आहे.